ताकद की साइज? तळकोकणातल्या जिमवाल्यांसाठी

दिवाळी झाली की सावंतवाडी-कुडाळपासून रत्नागिरीपर्यंतच्या जिम भरायला लागतात. कुणाला तालुक्याच्या ‘श्री’ला, म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धेला, उतरायचं असतं, कुणाला पोलीस भरती गाठायची असते, कुणाचं मे महिन्यात लग्न ठरलेलं असतं. पहिले काही महिने सगळे एकच करतात. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, मधल्या वेळात आरसा. मग कधीतरी प्रश्न येतोच: “दादा, पावर वाढवू की बॉडी बनवू?” त्यावर जुना जाणता दादा उलट विचारतो, “तुका नेमका करूचा काय आसा, ता आधी सांग.”

हा उलट प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. काय करायचं आहे याच्याइतकंच महत्त्वाचं आहे तुमच्या जिममध्ये काय आहे, तुम्ही दिवसभर कामाला कुठे असता आणि जेवणात काय येतं. म्हणून माझं मत आधीच सांगतो. जिममध्ये नीट रॅक (रॉड टेकवायची चौकट) असेल आणि शिकवणारा माणूस असेल, तर पहिलं दीड-दोन वर्ष ताकदीला द्या, साइज त्यावर चढवता येते. जिम म्हणजे वीस किलोपर्यंतचे डंबेल, एक बेंच आणि एक केबल मशीन एवढीच असेल, तर बिनधास्त साइजच्या मागे लागा. तिथे ताकदीचा हट्ट धरणं म्हणजे वेळ घालवणं. भरतीवाल्यांना ताकद, स्टेजवाल्यांना साइज. ज्यांना व्यायाम सुरू करून सहा महिनेही झाले नाहीत, त्यांनी या भानगडीत पडूच नये. त्यांना काहीही करून दोन्ही मिळतं.

आत काय घडतं

सुरुवातीला दंडाचा घेर तेवढाच राहतो आणि तरी बेंचवर झोपून ढकलायचं वजन दर आठवड्याला वाढत जातं. हे वाढणं बरंचसं मज्जासंस्थेचं असतं. मेंदू त्याच स्नायूंना अधिक जोराने आणि अधिक नीट वेळ साधून कामाला लावायला शिकतो. स्नायू खरोखर जाड होणं हे हळू चालणारं काम आहे, डोळ्याला दिसायला महिने जातात. त्यामुळे आठ आठवड्यांत शर्ट घट्ट झाला असं कुणी सांगितलं, तर त्यात थोडा पंप (व्यायामानंतरची तात्पुरती फुगवट), थोडं पाणी आणि थोडा उत्साह असतो.

स्नायूतले तंतू गटागटाने मज्जापेशींच्या हुकमात असतात. छोटे गट आधी कामाला लागतात, मोठे आणि जोरकस गट गरज पडली तरच. एल्वुड हेनेमन यांनी १९५७ पासून हा क्रम प्रयोगांनी मांडला आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठे गट कामाला लावायचे दोन मार्ग आहेत. एक, वजनच इतकं लावायचं की पहिल्या रेपपासून (वजन एकदा वर-खाली केलं की एक रेप) सगळ्यांना यावं लागेल. दुसरा, वजन मध्यम किंवा हलकंही चालेल, पण सेट (न थांबता मारलेल्या रेप्स) इतका लांबवायचा की छोटे गट थकून मोठ्यांना बोलावतील. ताकदीसाठी पहिलाच मार्ग. साइजला दोन्ही चालतात. पाच रेप्सच्या सेटने स्नायू वाढतो आणि पंचवीस-तीस रेप्सच्या सेटनेही वाढतो, मात्र सेट संपताना आणखी एक-दोन रेप्सच निघाल्या असत्या एवढी दमछाक झालेली हवी. बारा रेप्सच्या सेटमध्ये गप्पा मारत दहाव्या रेपला वजन ठेवणाऱ्याची साइज का वाढत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

ताकदीला आणखी एक अंग आहे, कौशल्याचं. जे कराल तेच सुधारतं. जड स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) करणाऱ्याचा स्क्वॉट वाढतो. लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर बसून मांड्या भरून आलेला माणूस स्क्वॉटखाली गेला की लटपटतो, कारण मांडी तयार असली तरी हालचाल त्याच्या अंगवळणी पडलेली नसते.

वेटलिफ्टर मीराबाई चानूंचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी आकडे परत बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनगटात दोन प्रकारच्या उचलींत ८७ अधिक ११५, एकूण २०२ किलो आणि रौप्यपदक. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त डोक्यावर. वजनगटाच्या खेळात फुकटची साइज परवडत नाही, म्हणून त्यांचा व्यायाम शरीर जड न करता जोर वाढवण्याचा. पण याचा अर्थ साइज आणि ताकद यांचा संबंधच नाही असा काढू नका. जोर लावायला शेवटी स्नायूच लागतो, आणि बरीच वर्षं लिफ्टिंग केलेल्याची प्रगती थांबली की त्यालाही थोडे महिने स्नायू वाढवण्याच्या कामाला द्यावे लागतात.

या दोन वाटा किती जवळून जातात हे २०१४ मधल्या एका प्रयोगात छान दिसलं. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीपासून व्यायाम करणाऱ्या तरुणांचे दोन गट केले. एका गटाने प्रत्येक व्यायामाचे दहा रेप्सचे तीन सेट मारले, दुसऱ्याने तीन रेप्सचे सात जड सेट. उचललेलं एकूण वजन साधारण सारखं ठेवलं. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या बायसेपची जाडी जवळपास सारखीच वाढली होती, साडेबारा टक्क्यांच्या आसपास. बेंच प्रेसमधली ताकद मात्र जड गटाची जास्त वाढली. आता जमाखर्चाची दुसरी बाजू. हलक्या गटाचा व्यायाम सुमारे १७ मिनिटांत उरकायचा, जड गटाला तेवढ्याच कामासाठी सुमारे ७० मिनिटं लागायची, शिवाय ती मुलं थकलेली आणि सांधे धरून बसलेली. म्हणजे साइजच हवी असेल तर जड वजनाने ती मिळते, फक्त महाग पडते.

एक संध्याकाळ, एकच बेंच

समजा तुम्ही एकदाच, जेमतेम ८० किलो बेंच करू शकता. ताकदीच्या दिवशी नुसत्या रॉडने सुरुवात, मग ४०, ५५, ६२.५ असे चढत जाऊन ६७.५ किलोला तीन-तीन रेप्सचे पाच सेट. दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं बसायचं. खरंच बसायचं, मोबाइल बघितला तरी हरकत नाही. प्रत्येक रेप सरळ वर जायला हवी. रेप अडली, कोपर बाहेर फाकली, की आजचं वजन जास्त झालं. अंगात एखाद-दोन रेप्स शिल्लक असताना सेट सोडायचा. जिमबाहेर पडताना छाती फुगलेली नसते, घामही बेताचा असतो आणि अनेकांना वाटतं आज काही झालंच नाही.

साइजच्या दिवशी तोच माणूस ५५ किलो लावून दहा-दहा रेप्सचे तीन-चार सेट मारेल. दीड-दोन मिनिटं थांबेल, वजन खाली आणताना घाई करणार नाही. मग तिरप्या बेंचवर डंबेल, मग केबलवर फ्लाय. शेवटच्या सेटची शेवटची रेप इंच इंच वर जाते आणि बाजूचा मित्र “एक आणि” ओरडत असतो. इथे हिशेब आठवड्याचा ठेवायचा. एका स्नायूला आठवड्यात दहा ते वीस दमवणारे सेट ही बहुतेकांना पुरणारी रेंज आहे. ते एकाच दिवशी कोंबण्यापेक्षा दोन दिवसांत वाटले तर शेवटचे सेटही कामाचे होतात.

ताकदवाल्याच्या वहीत वजनाचा आकडा चढायला हवा. साइजवाल्याच्या वहीत वजन, रेप्स किंवा सेट यांपैकी काहीतरी चढत राहिलं तरी पुरे.

आता लहान गावातल्या जिमची अडचण. एकच बेंच, एकच रॅक, संध्याकाळी सहाला बारा पोरं. ताकदवाला तीन रेप्स मारून चार मिनिटं बेंचवर बसून राहिला की मागून आवाज येणारच, “अजून किती सेट रे तुझे?” मग तो घाईघाईत उठतो, विश्रांती कमी होते, पुढच्या सेटला वजन उतरवावं लागतं आणि पुढचे महिनाभर तो ताकदीच्या नावाने साइजचाच अर्धवट व्यायाम करतो. ज्याला पहाटे साडेपाचला किंवा दुपारी जमतं त्याचीच इथे ताकद वाढते. विनोद वाटेल, पण निर्णय घेताना हे सगळ्यात आधी बघावं असं मी म्हणेन.

लोखंड आणि खारी हवा

ताकदीसाठी फार सामान लागत नाही, पण लागतं ते धड लागतं. सरळ, फिरत्या टोकांचा रॉड, आडव्या सेफ्टी पिना असलेला रॅक आणि लहान प्लेटा. किनाऱ्यावर या तिन्हींची रड आहे. खाऱ्या हवेने रॉडच्या ग्रिपमध्ये गंज बसतो, टोकं जाम होतात आणि मग जड वजन मनगटाला पिळतं. रॉड आठवड्याला ब्रशने घासून तेलाचा हात मारणारा मालक भेटला तर त्याची जिम सोडू नका. पावसाळ्यात तर वापरलेला रॉड पुसून न ठेवल्यास त्यावर चार दिवसांत तांबूस पदर दिसतो.

लहान प्लेटांचं दुखणं वेगळं. अनेक ठिकाणी सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. पन्नास किलो बेंच करणाऱ्याला ही दहा टक्क्यांची उडी आहे, आणि खांद्यावरून वजन वर ढकलताना तर पाय घसरण्याइतकी मोठी. सव्वा किलोची एक जोडी स्वतःची घेऊन बॅगेत ठेवावी. एवढ्या पैशात ताकदवाल्याला याहून उपयोगी काही मिळत नाही. जिममध्ये नवीन असाल तर रॉडचंही वजन करा. सात फुटी ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो, पण जुन्या व्यायामशाळेतला बारीक रॉड त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. ओतीव प्लेटांवर छापलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांचं नेहमी जमतंच असं नाही. मासळीवाल्याचा किंवा काजूवाल्याचा काटा मिळाला तर एकदा मोजून प्लेटांवर खडूने लिहून टाका. साइजवाल्याला याने फारसा फरक पडत नाही. ताकदवाल्याची सगळी वही मात्र या आकड्यांवर उभी असते.

बाजारपेठेतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात जिम असेल तर डेडलिफ्टचा (जमिनीवरून रॉड उचलण्याचा) प्रश्न आहेच. वजन खाली ठेवल्याचा आवाज खालच्या मेडिकलवाल्याला जातो आणि तो वर येतो.

साइजला यातलं काहीही अडत नाही. वीस किलोचे डंबेल हलके पडू लागले की रेप्स वाढवा, खाली आणताना तीन सेकंद घ्या, एका पायावर करा. जोर-बैठकाही चालतात, फक्त पन्नास-शंभरच्या घरात गेल्या की त्या दमसासाचा व्यायाम होतात. पाठीवर वाळूची पिशवी बांधून वीसात दमायला होईल अशा कराव्यात. घरातल्या घरात साइज वाढवता येते, पण जड ताकद घरात वाढवणं कठीण.

ताटात काय आहे

ताकद वाढायला पोटभर रोजचं जेवण बरेच दिवस पुरतं. साइजला थोडं जास्त खावं लागतं आणि प्रथिनं मोजावी लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सामान्य माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. व्यायाम करणाऱ्यांवरचे ४९ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत स्नायूवाढीचा फायदा किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत वाढत जाताना दिसला. ६५ किलोच्या मुलाला एरवी ५४ ग्रॅम पुरतात, साइजसाठी १०४ हवेत.

आपण मासे खातो म्हणून प्रथिनांची चिंता नाही, असं आपल्याकडे गृहीत धरलेलं असतं. ताट नीट बघा. भाताचा डोंगर, त्यावर कढी, बाजूला एक तळलेला बांगडा. मध्यम बांगड्याचं डोकं-काटा वजा जाता हाती लागतं ते साठ ग्रॅम मांस, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. कुळथात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण वाटीभर पिठीत पीठ जातं तीस ग्रॅम, हाती येतात सहा-सात. सोलकढीत नाव घेण्यासारखं काही नाही, ती जेवण खाली उतरायला. एका माणसाला दोन बांगडे, चार अंडी, अर्धा लिटर दूध आणि पन्नास ग्रॅम सोया चंक्स एवढं धरलं तर नव्वद होतात, उरलेलं भात-डाळ-पिठी भरून काढते. म्हणजे पावडरीच्या डब्याशिवाय जमतं, पण ठरवून खावं लागतं आणि घरात आईला सांगावं लागतं.

आता वर्षाचं गणित. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ताजी मासळी कमी आणि महाग. सुकट-जवळा आहे, पण खारट, आणि भाकरीबरोबर चिमूटभरच जातो. मागोमाग श्रावण, बहुतेक घरांत अंडंही बंद. मग गणपती, तेव्हा घरी मुंबईचे पाहुणे आणि ताटात मोदक. जिमचं नाव कोण काढतो. हे तीन-साडेतीन महिने साइजवाल्याला जड जातात. म्हणून तळकोकणात वर्ष उलटं लावावं असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात ताकदीचा काळ ठेवा. सेट कमी, वजन जड, आठवड्यात तीन दिवस. जेवण बेताचं असलं तरी चालतं, आणि आहे तो स्नायू टिकवायला तो कमावण्यापेक्षा पुष्कळ कमी व्यायाम लागतो. ऑक्टोबरपासून मासळी, अंडी, कोंबडी सुरू झाली की साइजचे महिने. वाढलेल्या ताकदीमुळे दहा रेप्सचं वजनही आता वर सरकलेलं असतं, त्याचा फायदा तिथे मिळतो.

एप्रिल-मेचा उकाडाही याच बाजूने बोलतो. पंख्याखाली चार मिनिटं बसून मारलेले जड सेट त्या दमट हवेत निभतात, थोड्या विश्रांतीचे लांब सेट माणसाला पिळून काढतात. तळहात घामाने सुटतात म्हणून डेडलिफ्टसाठी चॉक हवाच, आणि तो जमिनीवर सांडला म्हणून कटकट न करणारा मालकही.

सप्लिमेंटचं एका ओळीत: क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम दोन्हीकडे उपयोगी, व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) म्हणजे सोयीचं दूध, बाकी पैसे असतील तर बघा. आणि ‘श्री’च्या मोसमात कुणी हळूच ‘कोर्स’ कर म्हणाला, तर तो स्टेरॉइडबद्दल बोलतोय हे ओळखा. त्याने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) बंद पडतं, हृदय आणि यकृताला धोका होतो. स्टेजवरच्या मोठ्या शरीरांशी आपली तुलना करताना हेही डोक्यात असू द्या.

कोणाला काय

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीचे १५. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. इथे साइजचं काय करणार? पाच किलो स्नायू वाढवले तर ते १६०० मीटरभर सोबत वाहून न्यावे लागतात. जड स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि उभ्याने डोक्यावर प्रेस यांचे थोडे सेट, सोबत पळणं आणि गोळ्याचं तंत्र, एवढ्यावर भर द्यावा. पुरुषांना छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त लागते. त्यासाठी काही मुलं सहा महिने फक्त बेंचच मारतात. मोजमापात आधीच बसत असाल तर त्या सहा महिन्यांत गुण मिळवून देणारी कामं करा.

चिरेखाणीवर, गवंडीकामावर, बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोच्या घरातला. तो दिवसभर उचलणाऱ्याची कंबर संध्याकाळी आधीच दमलेली असते. त्याने साइजचे वीस सेट मारले तर दुसऱ्या दिवशीची मजुरी अंगावर येते. आठवड्यात दोनदा, चार-पाच जड आणि स्वच्छ सेट, कमरेला ज्या हालचाली कामावर मिळत नाहीत त्या, एवढंच. हे माझं मत काहींना पटत नाही. त्यांना वाटतं खाणीवरच्या माणसाला ताकदीची काय गरज. पण रोजचं ओझं त्याच्या जास्तीत जास्त ताकदीच्या जितकं खाली राहील तितकं ते हलकं जातं, सरळ हिशेब आहे. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांना मात्र हे दोन्ही थोडंच कामाला येतं. खांद्यावर दांडी घेऊन तासन्‌तास नाचणं हा दमसासाचा मामला, तिथे बायसेपचा घेर कोणी विचारत नाही.

ऑफिसात बसून काम करणारा, तिशीतला, पोट सुटू लागलेला माणूस साइजच्या व्यायामात जास्त रमतो, आणि रमतो म्हणून टिकतो. त्याला मी ताकदीकडे ढकलणार नाही.

बायकांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्यांच्या हातात एक किलोचे गुलाबी डंबेल देऊन बाजूला उभं केलं जातं. ‘जड उचललं तर पुरुषासारखी होशील’ हे सांगणारी एखादी काकी प्रत्येक घरात असते. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या कितीतरी कमी असतं, त्यामुळे चुकून मोठं होणं ही भीती सोडून द्यावी. उलट पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ होत जातात तेव्हा जड व्यायामच कामी येतो. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायकांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाने आठ महिने, आठवड्यात दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस केले, पाच रेप्सचे पाच सेट, कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांहून जड. कमरेच्या मणक्यांची घनता त्यांच्यात सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. यातला ‘देखरेखीखाली’ हा शब्द सोडून बाकीचं उचलू नका. शिकवणारा नसेल तर मध्यम वजनावरच राहावं.

दुखापतीचं बोलायचं तर दोन्ही वाटा फुटबॉल-कबड्डीपेक्षा सुरक्षित आहेत. अभ्यासांत बॉडीबिल्डिंगमध्ये हजार तासांमागे एक किंवा त्याहून कमी दुखापत आढळते, जड वजनाच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये एक ते साडेचारपर्यंत. जड वजनात चूक एका रेपमध्ये भोवते, साइजमध्ये कोपर आणि खांदा हळूहळू कुरकुरायला लागतात. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी श्वास रोखून जड वजन उचलायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. श्वास रोखला की दाब काही सेकंद फार वर जातो.

दोन्ही हवं असेल तर

बहुतेकांना तेच हवं असतं, आणि आठवड्याला चार दिवस असतील तर जमतंही. एका दिवशी एकच मुख्य लिफ्ट, ताजेतवाने असताना, तीन ते पाच रेप्सचे तीन-चार जड सेट. ते झाले की त्याच भागाचे दोन-तीन व्यायाम आठ ते पंधरा रेप्सचे. सोमवारी स्क्वॉट आणि मग मांड्या-पोटऱ्या. मंगळवारी बेंच आणि मग छाती, खांदे, ट्रायसेप. गुरुवारी डेडलिफ्ट, पण त्याचे तीनच सेट, मग पाठ आणि बायसेप. शनिवारी डोक्यावर प्रेस, पुल-अप आणि ज्या भागाची हौस असेल तो. क्रम उलटा करू नका. आधी केबलवर हात जाळून मग बेंचखाली झोपणाऱ्याची ना ताकद वाढते ना धड साइज. मधल्या वाटेचा तोटा एवढाच की दोन्हीकडे प्रगती जरा सावकाश होते, आणि स्पर्धा तीन महिन्यांवर असेल तर ही वाट सोडून एकच बाजू धरावी लागते.

फी भरायच्या आधी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत जिममध्ये एक चक्कर मारा. रॅकला सेफ्टी पिना आहेत का, सव्वा किलोच्या प्लेटा दिसतात का, रॉडचं टोक हाताने फिरतं का, हे बघा. ट्रेनरला “सर, डेडलिफ्ट दाखवाल का?” म्हणा. त्याने तुम्हाला आधी नुसत्या रॉडवर वाकायला लावून पाठ तपासली, तर तिथे ताकद शिकता येईल. “त्याने कंबर जाते” म्हणून विषय बदलला, तर डंबेलचा कोपरा किती मोकळा आहे ते पाहा आणि साइजचं वेळापत्रक मागा. वर्षाची फी एकदम भरली तर सूट मिळते, पण जून ते गणपती तुम्ही किती दिवस येणार आहात हे मोजून मगच तिमाही की वार्षिक ते ठरवा.